अक्ष आडवे-उभे ठेवायचे की उतारावर तिरपे?

रायबंदरला फेरीबोटीच्या रॅम्पवर ब्रेक दाबून उभी असलेली स्कूटर घ्या. स्वारासकट वजन ११०० न्यूटन आणि रॅम्पचा उतार १० अंश धरू. फ्री बॉडी डायग्राममध्ये, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत, तीन बाण येतात: वजन सरळ खाली, नॉर्मल बल रॅम्पला काटकोनात आणि घर्षण रॅम्पवरून वरच्या दिशेला.

अक्ष उतारावर ठेवले की नॉर्मल आणि घर्षण आपसूक अक्षांवर बसतात. घटक पाडायचे ते फक्त वजनाचे. घर्षण ११०० × साइन १०°, म्हणजे १९१ न्यूटन. नॉर्मल ११०० × कॉस १०°, म्हणजे १०८३. संपलं. तेच अक्ष आडवे-उभे ठेवा: आता दोन्ही अज्ञात बलांचे घटक पाडायचे, दोन्ही समीकरणांत दोन्ही अज्ञातं येणार आणि ती जोडीने सोडवत बसायची. उत्तर तेच, खटाटोप दुप्पट.

म्हणून अकरावीची मुलं उतार दिसला रे दिसला की अक्ष तिरपे करतात, आणि चोर्ला घाटाच्या वळणावर फसतात. रस्ता आत १५ अंश कललेला आहे, घर्षण नाही, बस वळते आहे असं समजा. सवयीने लिहिलं जातं: नॉर्मल = वजन × कॉस १५°, म्हणजे वजनाच्या ०.९६६ पट. चूक! बसचं त्वरण वळणाच्या केंद्राकडे, म्हणजे आडवं आहे. त्यामुळे रस्त्याला काटकोनातही त्याचा घटक उरतो, तो शून्य धरता येत नाही. इथे आडवे-उभे अक्षच बरे: उभ्या दिशेत त्वरण नाही, म्हणून नॉर्मल × कॉस १५° = वजन, आणि नॉर्मल वजनाच्या १.०३५ पट निघतं. स्कूटरचं नॉर्मल वजनापेक्षा कमी होतं, बसचं जास्त. तिरपे अक्ष इथेही चालतात, मात्र त्वरणाचेही घटक पाडायला हवेत. नुसता वेगच हवा असेल तर उताराच्या दिशेचं एकच समीकरण पुरतं, कारण त्यात नॉर्मल येतच नाही.

तेव्हा उताराआधी त्वरणाचा बाण बघा आणि एक अक्ष त्याच्यावर ठेवा. वस्तू स्थिर असेल तर जास्तीत जास्त अज्ञात बलं अक्षांवर येतील असं बघा. दोन दोऱ्यांना टांगलेला आकाशकंदील असेल आणि दोऱ्यांमध्ये काटकोन असेल, तर अक्ष सरळ दोऱ्यांवरच ठेवा.

कप्पीवरून दोरीने जोडलेल्या दोन ठोकळ्यांना आपापले वेगळे अक्ष दिले तरी बिघडत नाही. ठोकळा पाचरीच्या उतारावर असेल आणि पाचरच सरकत असेल, तर मी ठोकळा आणि पाचर दोघांनाही आडवे-उभे देईन: ठोकळ्याचं जमिनीसापेक्ष त्वरण तिथे उताराच्या दिशेत राहत नाही.

साइन की कॉस यात गोंधळ झाला तर उतार शून्य करून बघा. सपाट रॅम्पवर स्कूटरला घर्षण लागत नाही, म्हणून तिथे साइनच हवा.