रिंगटोनला ‘जन गण मन’ लावावं की दुसरं काही?

ऑगस्ट उजाडला की भाच्याचा फोन ठरलेला. "मामा, पंधरा तारखेपुरती रिंगटोन बदलायची म्हणतोय, काय लावू?" तो मलाच विचारतो, कारण गेल्या सात-आठ वर्षांत या वर्गातलं मी बहुतेक सगळं लावून झालंय. राष्ट्रगीत, वंदे मातरम्, सारे जहाँ, आपलं राज्यगीत. मध्ये दोन दिवस मोरसुद्धा. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो. ज्याने त्याने आपल्या घरात कोण राहतं ते बघून ठरवावं.

‘जन गण मन’पासून सुरू करतो, कारण मीही तिथूनच सुरुवात केली. वाद्यवृंदावरची धून होती, शब्द नव्हते. पहिले चार दिवस बरं वाटलं. बसमध्ये वाजली की शेजारचा आदराने बघायचा. निदान मला तसं वाटायचं.

मग एका रविवारी सासरे आले. मुक्कामालाच. प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं काढलेली, त्यामुळे त्यांना घरातही सगळे गुरुजीच म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या. ते सोप्यात खुर्चीवर बसून परातीत घेवडा निवडत होते आणि माझा फोन तिथेच टीपॉयवर होता. मी आत आंघोळीच्या तयारीत. फोन वाजला. गुरुजींनी परात खाली ठेवली, खुर्चीच्या हातांवर जोर दिला, एकदा अर्धवट उठून परत बसले, दुसऱ्या झटक्यात उभे राहिले. हात बाजूला, मुठी बंद, अंगठे पुढे. मी टॉवेलावर धावत आलो आणि सवयीने हिरवं बटण दाबलं. धून ‘मराठा’पर्यंत आली होती.

पलीकडे एक मुलगी. "सर, पर्सनल लोनची गरज आहे का? आपण पगारदार आहात का?" आणि समोर गुरुजी तसेच उभे. त्यांच्या डोक्यात गीत चालूच होतं. त्यांनी ते हळू आवाजात पुरं केलं, शेवटच्या ‘जय हे’पर्यंत. तेवढा वेळ मी टॉवेल धरून एका कानाने व्याजदर ऐकत सावधानमध्ये. बसल्यावर ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जावईबापू, एकदा सुरू केलं की मध्ये थांबवू नये." आणि परत घेवड्याकडे वळले.

खरं सांगायचं तर माझा निकाल तिथेच लागला. तरी मन मानेना, म्हणून दुसऱ्या दिवशी फोन उचलायचाच नाही असं ठरवून पाहिलं. पण हिशोबच जमत नाही. पूर्ण राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात आणि ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१९ मध्ये मोबाईलची घंटी ३० सेकंदांची ठरवून दिलीय. म्हणजे तुम्ही हात लावला नाहीत तरी ‘तव शुभ नामे’च्या आसपास फोन आपणहून गप्प होतो. राष्ट्रगीताचं एक छोटं अधिकृत रूपही आहे, पहिल्या आणि शेवटच्या ओळीचं, वीस सेकंदांचं. ते बसेल असं वाटलं. तर ते वीस सेकंदांत संपतं, लगेच पहिल्यापासून सुरू होतं आणि दहाव्या सेकंदाला तुटतं. हे तर आणखी वाईट.

कायद्याचं लोक लगेच विचारतात. १९७१ चा राष्ट्रसन्मानाचा कायदा राष्ट्रगीत गाण्यात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला, गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. झेंड्याच्या बाबतीत त्याची नजर अगदी उशी आणि हातरुमालापर्यंत जाते. रिंगटोनबद्दल त्यात अवाक्षर नाही. १९७१ मध्ये खिशात फोन होता कुणाच्या? त्यामुळे तुम्ही लावलीत तर पोलीस येतील असं मी म्हणत नाही. फक्त फोन खिशात घेऊन माणूस दिवसभरात कुठे कुठे जातो, ते आठवून बघा. विषय तिथेच संपतो.

‘वंदे मातरम्’चा मान तेवढाच. २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेत राजेंद्रप्रसादांनी तसं सांगूनच टाकलंय. आपल्या संगीतकार मास्टर कृष्णरावांनी हे राष्ट्रगीत व्हावं म्हणून किती खटपट केली, बँडवर वाजेल अशी चालसुद्धा बांधून दाखवली, हे जुन्या पुणेकरांना माहीत असेल. पण मी लावली होती ती आकाशवाणीवरची, देस रागातली. आहेच ती गोड. अडचण अशी की ती हळुवार सुरू होते. एसटी स्टँडवर, भाजी मंडईत पहिले दहा सेकंद काही ऐकूच येत नाही आणि ऐकू येईस्तोवर समोरचा कंटाळतो. पहिल्याच आठवड्यात अकरा मिस्ड कॉल, त्यातले चार बायकोचे. दुसरं म्हणजे लहानपणापासून ही चाल कानाला पहाटेची. दुपारी तीनला कार्यालयात वाजली की उगाच दात घासायचे राहिलेत असं वाटतं. घरातच बसणाऱ्याला आणि थोडे फोन येणाऱ्याला चालेल कदाचित. मला नाही चालली.

राज्यगीताचं, म्हणजे ‘जय जय महाराष्ट्र माझा’चं, उलटं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. रिंगटोन म्हणून याच्याइतकं खणखणीत दुसरं काही नाही. मोटरसायकलवर हेल्मेटातही ऐकू येतं. मी सलग दोन वर्षं ठेवलं होतं. आम्ही सांगलीचे, कामाने बेळगावला जाणं-येणं असतं. एकदा तिथल्या भरल्या बसमध्ये वाजलं. अर्धी बस हसली, उरलेली वळून बघत राहिली आणि कंडक्टरने माझं तिकीट पुन्हा एकदा तपासलं. तेही मी सोसलं असतं. लग्नाच्या हॉलमध्ये तर एकाचा वाजला की आठ जण खिसे चाचपतात. पण १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते रीतसर राज्यगीत झालं, शाळांत आणि सरकारी कार्यक्रमांत वाजायला लागलं. म्हणजे गुरुजी याच्यालाही उठणार. त्यांनी उठायच्या आत मी ते काढून टाकलं. ज्यांच्या घरी गुरुजी नाहीत त्यांनी खुशाल ठेवावं. निदान शाहिरांचा आवाज मध्येच कापताना तुमचा अंगठा अडखळत नाही ना, ते एकदा बघा. माझा अडखळायचा.

मोराबद्दल दोनच वाक्यं. १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे, त्याच्या आवाजाला कुणी उभं राहत नाही आणि तो नेमका छातीठोक आहे, म्हणून मला ती युक्ती वाटली होती. पण घराघरांत तो मांजराच्या भांडणासारखा ऐकू येतो आणि आमच्या शेजारच्या काकू दोन दिवस गच्चीवर काठी घेऊन फिरत होत्या. (वाघाची डरकाळी एका मित्राने लावली होती. ती बँकेच्या रांगेत वाजली, एवढं पुरे.)

राहिलं ‘सारे जहाँ से अच्छा’. आता हे काटेकोरपणे राष्ट्रीय प्रतीकांत बसत नाही, आणि माझ्या मते तीच त्याची सोय आहे. शब्द इक्बालांचे, १९०४ चे. आज आपण म्हणतो ती चाल रविशंकरांनी १९४५ मध्ये इप्टा या नाट्यसंस्थेसाठी बांधली. दर्जा नाही, म्हणून उभं राहायचा नियम नाही. पण ऐकणाऱ्याला काय म्हणायचंय ते पहिल्या सुरात कळतं. २९ जानेवारीला ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये दिल्लीच्या विजय चौकातून सैन्याचे बँड परत फिरताना वाजवतात ती धून घ्यायची. पितळी वाद्यं आणि खाली ढोलाचा ठेका, गायक नाही. त्यामुळे तोडली तरी कुणाचं वाक्य तुटत नाही. चाल फिरून फिरून तिथेच येते, तिसाव्या सेकंदाला थांबली तरी पाऊल हवेत राहिल्यासारखं होत नाही. तक्रार एकच. हे कानाला इतकं ओळखीचं आहे की कधी कधी आपलाच फोन वाजतोय हे लक्षात येत नाही, कुणाचा तरी टीव्ही लागलाय असं वाटतं.

हे माझ्या फोनवर आता दोन वर्षं आहे. भाच्याला मी पुन्हा पुन्हा सांगितलं की तुझं तू ठरव, तुझा फोन तुझ्या खिशात असतो. मग त्याला माझी क्लिप व्हॉट्सअॅप केली. सुरुवातीचा नुसता ढोल काढून टाकलाय, थेट सुरांवर येते, अठ्ठावीस सेकंदांची आहे.

गुरुजी परवा पुन्हा आलेत. सकाळी फोन वाजला तेव्हा पेपर वाचत होते. उठले नाहीत. पेपराच्या मागून खुर्चीच्या हातावर दोन बोटांनी ठेका धरला आणि म्हणाले, "घ्या की फोन, बँड निघून जाईल."