पन्हाळ्याची गाईड टूर, साडेतीन स्टार

रविवारी पाव्हणे आले म्हणून पन्हाळ्याला नेलं, पार्किंगलाच एक गाईड गाठ पडला. सुरवातीला पाठ केल्यासारखं बोलत होता पण अंबरखान्यात, म्हंजे गडाच्या धान्यकोठारात गेल्यावर गडी खुलला बघा! तिथल्या गंगा कोठीत २५ हजार खंडी (धान्याचं जुनं माप) धान्य मावायचं म्हणे, छताला भोकं आहेत तिथनं वरून ओतायचे, जिना बाहेरनं, आत नुसता अंधार आणि गारवा. वरी, नाचणी, भात, सगळं रयतेच्या घामाचं, आणि गडावर पोचायच्या आधी पाटील देशमुख आपला हक्क काढून घेणार ते वेगळंच. गड बांधणारे शिलाहार राजे आधी चालुक्यांचे मांडलिक, मग त्यांच्यातला दुसरा भोज स्वतंत्र झाला तर त्याला यादवांच्या सिंघणानं हरवलं. मामा लगेच, "म्हंजे शेतकऱ्याला काय, धनी बदलला फक्त."

एक चूक मात्र खटकली, मराठ्यांचे चौथाई आणि सरदेशमुखी हे दोन कर एकच म्हणाला. अरे बाबा चौथाई महसुलाच्या २५ टक्के, सरदेशमुखी वरचे १० टक्के!

आणि शेवटी ठरल्यापेक्षा १०० रुपये जादा मागितले, ही कुठली पट्टी म्हटलं तर हसला. दिले ५०. झुणका भाकरी मात्र एक नंबर.