क्वांटम डॉटचा पाच कुप्यांचा संच: प्रयोगशाळेसाठी घ्यावा का?

क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटर मापाचे अर्धवाहक स्फटिक; प्रकाश टाकला की ते ठरावीक रंगात चमकतात. कॅडमियम सेलेनाइडचा गाभा आणि झिंक सल्फाइडचं कवच असलेले असे डॉट आता तयार संचात मिळतात. या संचात पाच कुप्या आहेत. प्रत्येकीत टोल्युइन या द्रावकात ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतके कण, उत्सर्जन (कणांनी बाहेर टाकलेला प्रकाश) ५२०, ५५०, ५८०, ६१० आणि ६४० नॅनोमीटरला. पाचही कुप्यांत पदार्थ एकच, फरक कणाच्या व्यासाचा. पैसे मोजायचे ते यासाठीच, म्हणून ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला विचारा: गाभा शुद्ध सेलेनाइडचा आहे की त्यात सल्फर मिसळलाय? मिश्र गाभ्याच्या संचात सगळे कण साधारण एकाच मापाचे असू शकतात आणि रंग ठरतो तो सल्फर-सेलेनियमच्या प्रमाणावर. यूव्ही टॉर्चखाली दोन्ही संच सारखेच सुंदर दिसतात, पण आकारमानाचा परिणाम शिकवायला मिश्र गाभ्याचा संच कामाचा नाही.

लेबलवर छापलेल्या व्यासावर विसंबू नका. त्यात कवचही धरलेलं असतं. झिंक सल्फाइडचा एक थर सुमारे ०.३१ नॅनोमीटरचा, म्हणजे तीन थरांनी व्यास जवळपास १.९ नॅनोमीटरने फुगतो. रंग मात्र गाभाच ठरवतो. गाभ्याचं माप शोषण वर्णपटातून (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, त्याचा आलेख) काढा: सर्वांत लांब तरंगलांबीचं शिखर घ्या आणि रसायनशास्त्रज्ञ पेंग यांच्या गटाने २००३ साली दिलेल्या सूत्रात घाला. ५२० ला शिखर आलं तर व्यास २.६ नॅनोमीटर, ६०० ला आलं तर ४.६. सूत्र उघड्या गाभ्यासाठी आहे. कवचामुळे शिखर थोडं लालकडे सरकतं, त्यामुळे उत्तर किंचित जास्त येतं.

या संचातली खरी मजा आकड्यांत आहे. शिखर ५०० वरून ५२० ला गेलं तर व्यास जेमतेम ०.२ नॅनोमीटरने वाढतो. ६०० वरून ६२० ला जायला मात्र पुरा १ नॅनोमीटर लागतो. इलेक्ट्रॉन इवल्याशा कणात कोंडला जातो; या बंदिस्तपणामुळे वाढणारी ऊर्जा साधारणपणे त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून लहान कणांत जराशा फरकानेही रंग बदलतो. मोठ्या स्फटिकाचा बँड गॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा) १.७४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे ७१२ नॅनोमीटर. ६४० ची कुपी त्याच्या बरीच जवळ पोचलेली दिसते. विद्यार्थ्यांकडून शिखर आणि व्यास यांचा आलेख काढून घ्याच.

शोषणासाठी ३ मिलिलिटर टोल्युइनमध्ये २०० मायक्रोलिटर पुरतात. उत्सर्जनासाठी २० च घ्या. दाट द्रावणात कण स्वतःचाच प्रकाश पुन्हा शोषतात आणि शिखर काही नॅनोमीटर लालकडे सरकतं. कुपी थेट स्पेक्ट्रोमीटरसमोर धरून लेबलाशी ताळा लावू पाहणाऱ्यांचा आकडा इथेच चुकतो.

संचासोबतची टॉर्च ३९५ नॅनोमीटरची आहे. तिचा जांभळा प्रकाश हिरव्या कुपीत मिसळून दिसतो. ३६५ ची असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी ५३२ चा हिरवा लेसर वापरून बघा, किरणाच्या काटकोनात, डोळ्यात जाणार नाही अशा बेताने. ६४०, ६१०, ५८० च्या कुप्यांत किरणाची वाट लाल-नारिंगी उजळते, ५५० अगदी काठावर, आणि ५२० ची कुपी ढिम्म. फोटॉनची ऊर्जा बँड गॅपपेक्षा कमी पडली की काय होतं, हे इतक्या थेट दाखवणारा प्रयोग क्वचितच मिळतो.

संचातल्या क्युव्हेट (मोजणीसाठी द्रावण भरायच्या छोट्या पारदर्शक नळ्या) पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या आहेत, आणि ही गंभीर चूक आहे: टोल्युइन त्या विरघळवतं, भिंती पांढुरक्या होतात. काचेची किंवा क्वार्ट्झचीच वापरा. ॲसिटोनने धुतली तर पूर्ण वाळू द्या. उरलेल्या थेंबांनी कण गोळा होऊन द्रावण गढूळ होतं आणि प्रकाश विखुरल्याने शोषणाची पायारेषा वर चढते.

एमएससीच्या वर्गासाठी संच घ्यावा, पण यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताशी असेल तरच. शाळेसाठी घेऊ नका: टोल्युइन ज्वलनशील, कॅडमियम विषारी. पातळ नायट्राइल हातमोजे टोल्युइनसमोर फार वेळ टिकत नाहीत, द्रावण सांडलं की लगेच बदला. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता लेबल लावलेल्या वेगळ्या बाटलीत जमा करा.