चिंटू-चिंगीची ‘जोडी’

२०१२ साली लेकीच्या सातव्या वाढदिवसाला ठाण्यातल्या एका अक्वेरियमच्या दुकानातून आम्ही कासवांची जोडी आणली. पाच रुपयांच्या नाण्याहून जरा मोठी, हिरवीगार पाठ, कानाजवळ लाल पट्टा. जोडीचे सहाशे, प्लास्टिकचं नारळाचं झाड असलेल्या डब्याचे दोनशे. दुकानदार म्हणाला, “हा नर, ही मादी. डबा जेवढा तेवढंच वाढतं, ताई. तीन-चार वर्षं जगतं. आणि घरात कासव म्हणजे लक्ष्मी!” शेवटचं वाक्य सासूबाईंकडे बघून होतं. सौदा तिथेच पटला.

सात महिन्यांत चिंगीचे डोळे सुजले, पाठ बोटाने दाबली की दबायची. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, “हवा बाधली असेल. दुसरी घेऊन जा, शंभर रुपये कमी करतो.” आमच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांनी हात वर केले. कासवं बघणारे डॉक्टर सापडेपर्यंत चिंगी गेली.

त्या डॉक्टरांनी चिंटूला तपासता तपासता आमची शाळा घेतली. ही रेड-इअर्ड स्लायडर, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातली. पाण्याबाहेर येऊन कोरडं होत ऊन खायला मिळालं नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही, पाठ मऊ पडते. लहान डब्यात कासव लहान राहत नाही, खंगतं. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगतं. अमेरिकेत तर चार इंचांहून लहान पाठीची कासवं पाळायला विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे, कारण मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेलाची, म्हणजे जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूंची, बाधा व्हायची. आणि ‘जोडी’? एवढ्याशा पिल्लात नर-मादी बघून ओळखताच येत नाही. सहाव्या वर्षी चिंटूने पाच अंडी घातली, तेव्हा तेही कळलं. (नराशिवायही घालतात. नाव मात्र आम्ही बदललं नाही.)

आज चिंटूची पाठ २६ सेंटिमीटर आहे. हॉलमधला सोफा काढून तिथे चार फुटी टाकी आली. मोठा फिल्टर, ऊब देणारा दिवा, शिवाय उन्हातले अतिनील किरण देणारा यूव्हीबीचा दिवा. तो पेटता दिसला तरी त्याचा जोर ओसरतो, म्हणून वर्षाकाठी बदलायचा. लेक होस्टेलवर. आम्ही दोघं चार दिवस कोकणात निघालो तरी शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि खाण्याची चिठ्ठी.

“देवळाच्या तळ्यात सोडून द्या की,” असं निम्म्या नातेवाइकांनी सुचवलं. नका सोडू. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत ही आहे. तळ्यात तग धरते आणि आपल्या देशी कासवांच्या अन्नावर, उन्हाच्या जागेवर कब्जा करते. प्राणीसंग्रहालयात विचारलं, त्यांनी घेतलं नाही.

अजून एक. दुकानात आतल्या खोलीत नेऊन पाठीवर चांदण्या असलेलं कासव कोणी दाखवलं तर सरळ बाहेर पडा. ते आपलं देशी तारा कासव. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार विकणाराच नाही, घेणाराही अडकतो.

गेल्या महिन्यात त्याच दुकानावरून जात होते. टबात पिल्लं, समोर एक मुलगा हट्ट करत उभा. त्याच्या आईला मी चिंटूचा फोटो दाखवला. दुकानदाराने मला ओळखलं नाही. म्हणाला, “मॅडम, ती जात वेगळी. ही वाढत नाहीत.”