छापखान्याची ऑनलाइन ऑर्डर सेवा: पुनर्छपाईसाठी उत्तम, फाइल तपासणीत अपुरी

आमच्या कार्यालयाची लेटरहेड, व्हिजिटिंग कार्डे, माहितीपत्रके आणि पावती पुस्तके ज्या छापखान्यात छापली जातात, त्याने फोन आणि ईमेलऐवजी संकेतस्थळावरून ऑर्डर घेण्याची सेवा सुरू केली आहे. तिचा नियमित वापर केल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

ग्राहकांना या सेवेकडे वळवण्याची त्यांची पद्धत मला विशेष आवडली. त्यांनी आमची जुनी मंजूर डिझाइने आधीच आमच्या खात्यात भरून ठेवली होती, त्यामुळे पहिली ऑर्डर ही केवळ पुनर्छपाई ठरली आणि नव्याने काही अपलोड करावे लागले नाही. फोनवर ऑर्डर दिली तरी ती नाकारली जात नाही. तेथील कर्मचारी स्वतः ती संकेतस्थळावर नोंदवतात आणि आपल्याकडे फक्त प्रूफच्या, म्हणजे छपाईपूर्व नमुन्याच्या, मंजुरीची लिंक येते. सवय लागते ती अशी, सक्तीने नव्हे.

व्हिजिटिंग कार्डांच्या बाबतीत तर जुन्या पद्धतीकडे परत जाण्याचे कारणच उरलेले नाही. बोधचिन्ह, फॉन्ट आणि रंग साच्यात कायम असतात, आपण नाव, पद आणि फोन क्रमांक भरायचा, की लगेच पीडीएफ प्रूफ समोर येते. कोणते प्रूफ कोणी व केव्हा मंजूर केले याची नोंद राहत असल्याने, ‘दुरुस्ती आधीच्या ईमेलमध्ये कळवली होती’ हा वाद संपला आहे.

नवीन फाइल अपलोड करताना मात्र सेवा कमी पडते. कडेपर्यंत छपाई असलेल्या कामात कटिंगसाठी चारही बाजूंना साधारण ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा छपाई, लागते आणि छायाचित्रे प्रत्यक्ष छपाईच्या आकारात ३०० डीपीआयच्या (प्रति इंच ठिपक्यांच्या) आसपास असावी लागतात, हे छापखान्याला ठाऊक असते, सामान्य ग्राहकाला नसते. अशा ग्राहकाला ‘फाइल स्वीकारार्ह नाही’ एवढाच संदेश मिळाला, तर तो पुन्हा फोनच उचलणार. कोणत्या पानावर काय चुकले आहे आणि ते कसे सुधारायचे, हे तिथेच सांगायला हवे. रंगांबद्दलही स्पष्ट सूचना आवश्यक आहे. पडदा आरजीबी (लाल, हिरवा, निळा) प्रकाशातून रंग दाखवतो, छपाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) शाईने होते, त्यामुळे पडद्यावरचा झळझळीत हिरवा किंवा नारिंगी कागदावर मंद दिसतो, आणि अनकोटेड, म्हणजे लेप नसलेल्या, कागदावर तो आणखी उतरतो. ज्या कामात रंग महत्त्वाचा आहे त्यासाठी छापील प्रूफ मागवण्याचा पर्याय संकेतस्थळावरच असायला हवा. सध्या तो नाही.

सर्वांत गंभीर उणीव पावती पुस्तकांमध्ये आढळली. ‘पुन्हा ऑर्डर करा’ हे बटण दाबले की कागद, प्रतींची संख्या, परफोरेशन (पावती फाडण्यासाठीची छिद्रांची रेघ) आणि बाइंडिंग यांबरोबर मागील वेळचा सुरुवातीचा पावती क्रमांकही तसाच येतो, आणि तो बदलण्यासाठी शेऱ्याच्या चौकटीत लिहावे लागते. तेच क्रमांक दुसऱ्यांदा छापले गेले तर हिशेबात गोंधळ होतो आणि संपूर्ण छपाई वाया जाते. त्यामुळे सुरुवातीच्या क्रमांकासाठी स्वतंत्र आणि अनिवार्य रकाना येईपर्यंत या एका कामाची ऑर्डर मी फोनवरच देणार आहे.