बारावीला ‘आउटडोअर’ घ्यावा का? आमच्या लेकीच्या दोन वर्षांचा अनुभव

मेलबर्नच्या पश्चिमेला आम्ही राहतो. इथे दहावीच्या मुलांचे विषय निवडायचे दिवस आले की आपल्या लोकांत दुसरं बोलणं नसतं. मेथड्स (गणित), केमिस्ट्री, फिजिक्स ही नावं ठरलेली. आमच्या लेकीने त्या फॉर्ममध्ये ‘आउटडोअर अँड एन्व्हायर्नमेंटल स्टडीज’ लिहिलं तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड बोलत नव्हतं. सासूबाईंचा नाशिकहून फोन आला, "अगं, बारावीचं वर्ष आणि पोरगी तंबूत राहणार?" मला तेव्हा त्यांना उत्तर देता आलं नाही. आता येईल, म्हणून हे लिहिते आहे.

विषय चांगला आहे. सहली आहेत म्हणून नव्हे, तर अभ्यास म्हणून चांगला आहे. ज्यांना तो फुरसतीचा वाटतो त्यांनी बारावीची प्रश्नपत्रिका एकदा उघडून बघावी. जलद चालण्याला किंवा तंबू ठोकण्याला गुण नाहीत. 50 टक्के गुण वर्षाअखेरच्या लेखी परीक्षेचे आणि उरलेले 50 टक्के शाळेत वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाचे, ज्याला मुलं ‘सॅक’ म्हणतात. 2024 पासून नवा अभ्यासक्रम आला. त्यात प्रत्येक सहलीचं लॉगबुक ठेवावं लागतं आणि उत्तरं लिहिताना आपण स्वतः पाहिलेल्या जागेचे दाखले द्यावे लागतात. पाठांतरावर निभावत नाही.

हे मला कळलं ते मार्च 2024 मध्ये, विल्सन्स प्रॉमंटरीच्या, म्हणजे ‘प्रॉम’च्या, सहलीच्या वेळी. व्हिक्टोरियाचं हे दक्षिण टोक, घरापासून तीन तासांहून जास्त गाडी. टेलिग्राफ सॅडलपासून सीलर्स कोव्हपर्यंत सामानाची सॅक पाठीवर घेऊन साधारण दहा किलोमीटर चाल, तिथे मुक्काम. निघायच्या आदल्या रात्री भारतात जाताना बॅगा तोलायचा आमचा हुकवाला काटा तिने सॅकला लावला: साडेचौदा किलो. मग सगळं जमिनीवर पसरलं आणि एकेक वस्तू बाजूला काढत बसली. दुसरी जीन्स गेली, जाडा टॉवेल गेला, माझ्या आग्रहाची चकलीची बरणी गेली. भाजलेला रवा, फोडणी कोरडी करून घातलेली, तेवढा राहिला, कारण प्रॉममध्ये शेकोटीला वर्षभर बंदी असते आणि ट्रँजियाच्या छोट्या स्पिरिट-स्टोव्हवर उपमा पटकन होतो. शेवटी बारा किलोवर आली. मी नुसती बघत होते. घरात कपाट आवरायला चार वेळा सांगावं लागणारी हीच मुलगी.

तिथे दोन्ही दिवस पाऊस लागला. पण परत आल्यावर तिने सांगितलं ते पावसाचं नव्हतं. सीलर्स कोव्ह ही एक छोटी खाडी. ती आणि तिच्या आसपासचा किनारा बूनवुरुंग आणि गुनाइकुरनाई या मूळ रहिवाशांचा. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सील मारणारे आले, त्यांच्यावरूनच हे नाव. 1850च्या दशकात तिथल्या झाडांसाठी लाकडाची गिरणी उभी राहिली. 1898 मध्ये या भागाला संरक्षण मिळालं, आणि आज तिथे मुक्काम करायचा तर परवाना काढावा लागतो, कचरा सोबत परत आणावा लागतो. अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या युनिटचा निम्मा इतिहास या एका खाडीत बसतो: जमिनीकडे माणसांनी कधी काय म्हणून पाहिलं, कोणी तिला घर मानलं, कोणी माल. लॉगबुकात तिने लिहिलं होतं की मुक्कामाच्या जागेला पोचायच्या आधी एक ओढा गुडघाभर पाण्यातून पार करावा लागतो, त्यात उभी राहिल्यावर तिला प्रथमच वाटलं की इथून लाकूड बाहेर नेणं किती कष्टाचं असेल, आणि तरीही माणसांनी ते नेलं. ते पान भिजून फुगलंय, शाई पसरलीय. मी ते जपून ठेवलंय.

हिवाळ्यातली सहल ‘लेक माउंटन’ या डोंगरावर झाली, क्रॉस-कंट्री स्कीइंगची. 7 फेब्रुवारी 2009च्या ब्लॅक सॅटर्डेच्या आगींत 173 माणसं गेली, आणि हा डोंगर जवळजवळ सगळा जळला होता. पांढरीफटक वठलेली खोडं अजून उभी आहेत. शिक्षकांनी मुलांना स्की बाजूला ठेवायला लावून दोन झाडांजवळ उभं केलं. स्नो गम जळला तरी बुंध्यापाशी जमिनीतून पुन्हा फुटतो. अल्पाइन अ‍ॅश फुटत नाही. तो मरतो आणि त्याचं फक्त बी रुजतं. त्या रोपट्याला स्वतःचं बी धरायला साधारण वीस वर्षं लागतात. तेवढ्यात दुसरी मोठी आग आली तर त्या डोंगरावर अ‍ॅशचं रान संपलं. हे तिने मला स्वयंपाकघरात, कोथिंबीर निवडता निवडता समजावून सांगितलं, आणि दोन काड्या ओट्यावर उभ्या धरून दाखवलं. पुस्तकात हेच चार ओळींत आहे. पण त्या दोन खोडांच्या मधे उभं राहिल्यावर ते विसरणं शक्य नाही.

पर्यावरणाच्या चळवळींवर एक मोठा भाग आहे. टास्मानियातलं ‘लेक पेडर’ हे तळं 1972 मध्ये धरणाखाली गेलं ते वाचवता आलं नाही, आणि फ्रँकलिन नदी 1983 मध्ये वाचली, तीही हायकोर्टात चार विरुद्ध तीन अशा निकालाने. मुलांनी दोन्हींची तुलना करायची: यावेळी लोकांनी काय वेगळं केलं? आताचा वाद म्हणून अल्पाइन नॅशनल पार्कमधल्या रानटी घोड्यांचा प्रश्न होता. घोडे तिथल्या दलदली तुडवतात, पण डोंगराळ भागातल्या अनेक घरांना ते आपला वारसा वाटतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय गुण नाहीत.

याच वेळी तिने मला विचारलं, "आई, तुमच्या सह्याद्रीत असं काय चालू आहे?" कॉलेजात असताना मी हरिश्चंद्रगड तीन वेळा चढले आहे, एकदा नळीच्या वाटेने. वाट सांगता आली असती. गडाच्या पायथ्याच्या पाचनईत कोण राहतं, त्यांची शेती कशी, रान कोणाच्या ताब्यात, यातलं मला काही माहीत नव्हतं. मग आम्ही दोघी बसून वाचलं: 2011चा माधव गाडगीळ समितीचा अहवाल, 2013चा कस्तुरीरंगन यांचा, 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला ते आणि त्यात कासचं पठार. माझी भाची पुण्यात बारावीला आहे. तिलाही ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ विषय आहे, जर्नल आणि प्रकल्प आहे. पण त्यासाठी ती एकदाही बाहेर पडली नाही. हे मला फार लागलं. पुण्यापासून सिंहगड किती लांब आहे?

आता जे खटकलं ते. पैसा. सरकारी शाळा असूनही दोन वर्षांच्या सहलींना मिळून आम्हाला हजार डॉलरच्या आसपास खर्च आला, शिवाय बूट आणि रेनकोट वेगळे. सॅक आणि स्लीपिंग बॅग शाळेकडून मिळाली, पण ते आधी कोणी सांगितलं नाही, आम्ही सॅक विकत घेऊन बसलो होतो. दुसऱ्या सहलीची तारीख ऐनवेळी बदलली आणि ती केमिस्ट्रीच्या ‘सॅक’ परीक्षेवर आली. ती परीक्षा नंतर एकटीला द्यावी लागली. आणि मुलींच्या पाळीबद्दल सामानाच्या यादीत एक ओळ नव्हती. मी ईमेल करून विचारलं तेव्हा मॅडमनी फार मोकळेपणाने उत्तर दिलं, सगळं सांगितलं. पण विचारायला लाजणाऱ्या आईच्या मुलीने काय करायचं? ही ओळ यादीतच हवी.

आणि स्केलिंग. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण आपल्या घरांत निर्णय इथेच होतो. स्केलिंग म्हणजे वेगवेगळ्या विषयांचे गुण तुलनेसाठी वर-खाली करणं, आणि त्यात या विषयाचे गुण खाली येतात. लेकीचे साधारण चार कमी झाले. एटारमध्ये, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या क्रमांकात, इंग्रजी आणि उरलेल्यांतले उत्तम तीन विषय पूर्ण धरतात, पाचव्या-सहाव्याचे फक्त दहा टक्के. चार गुण गेल्यावरही हा विषय तिच्या पहिल्या चारांत आला, कारण मन लावून अभ्यास केलेला तोच होता. स्पेशालिस्ट मॅथ्सचे गुण वर चढतात म्हणून तो घेऊन रडणारी दोन मुलं मी आमच्याच ओळखीत पाहिली आहेत. मेडिसिनसाठी एकेक दशांश मोजणाऱ्या मुलांनी नीट हिशोब करावा. बाकीच्यांनी केवळ स्केलिंगच्या भीतीने हा विषय खोडू नये, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

फॉर्म भरण्याआधी शाळेला दोन गोष्टी विचारा: वर्षात मुक्कामाच्या सहली किती, आणि कोणतं सामान शाळा देते. या दोन्ही गोष्टी शाळेगणिक बदलतात.

परीक्षा नोव्हेंबरात संपली आणि डिसेंबरात ती आम्हाला प्रॉमला घेऊन गेली. स्क्वीकी बीचवर क्वार्ट्झची वाळू पायाखाली चुईंचुईं वाजते, ते मला माहीत होतं. आम्ही आधी दोनदा येऊन गेलो होतो. यावेळी तिने वाटेतच थांबवलं आणि बँक्सियाच्या झाडाचं एक काळं, लाकडासारखं टणक फळ माझ्या हातात दिलं. आगीच्या उष्णतेने उघडलेल्या त्याच्या चोची बोटाला टोचत होत्या. मी ते पर्समध्ये टाकायला गेले तर म्हणाली, "आई, नाही. होतं तिथेच ठेव."