बाबांचं आयसीयू : डॉक्टर एक नंबर, काउंटर डोक्याला ताप
न्यूमोनियाने बाबांना श्वास पुरेना म्हणून म्हापशाहून रात्री १०८ ने या हॉस्पिटलात आणलं (नाव नाही घालत), व्हेंटिलेटर लावला आणि थोड्या वेळात बीपी ८०/५०! मी हबकलोच, दुखणं फुफ्फुसाचं नि हृदयाचं काय मध्येच? डॉक्टरबाईंनी रात्री दोन वाजता कागदावर चित्र काढून सांगितलं, की आपण श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो नि रक्त हृदयाकडे ओढलं जातं, मशीन उलट हवा आत ढकलतं, दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, वर झोपेच्या औषधाने रक्तवाहिन्या सैल पडतात, मग बीपी उतरणारच. शिवाय ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात नि हृदयाच्या उजव्या बाजूवर लोड येतो. बेडपाशीच इको (हृदयाची सोनोग्राफी) केली, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुफ्फुसात राखतं तो दाब) जरा उतरवलं, नॉरअ‍ॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) चालू केलं, सलाईन मात्र मोजूनमापून, कारण जास्त झालं तर फुफ्फुसातच पाणी भरतं म्हणे. सकाळी बीपी सावरलं, देव बरें करूं त्यांचं.
आता काउंटर. दीनदयाळचं (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) कार्ड दाखवूनही तीनदा झेरॉक्स मागितली, तीही वेगवेगळ्या माणसांनी! आणि नातेवाईकांना बसायला चार खुर्च्या, त्यातली एक मोडकी. कँटीनचा भाजीपाव बरा. चार स्टार, सगळे आयसीयूचे.